आपल्या भुईतला खड्डा

आमच्या मामंजींना चहाचा भारी राग. नुसता राग नव्हे, वैरच म्हणा ना. बाजारपेठेतल्या हाटेलावरून जायची वेळ आली तर धोतराचा सोगा नाकाला लावून तरातरा पुढं जायचे. आणि त्यांचा एकुलता एक लेक, म्हणजे आमचे हे, रोज सकाळी त्याच हाटेलाच्या बाकड्यावर बसून गुळाचा चहा प्यायचे. मग बापलेकांत काय होत असेल ते सांगायला नको. पण मी सांगणारच, कारण ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या साली संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला मी डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन पारापाशी आले. पारावर मामंजी बसलेले, सोबत आठ-दहा माणसं. आमचे हे समोरून सायकल ढकलत येत होते. मामंजींनी काठी उचलून त्यांच्याकडं दाखवली.

"ह्यो बघा आमचा सहादेव," ते म्हणाले. "तीस वर्सांचा घोडा झाला, दोन पोरींचा बाप झाला, आजून लोकाच्या पडवीत ऱ्हातो. घर का न्हाई म्हनून इचारा त्याला. आरं, घर पितो ह्यो! रोज दोन कप!"

पार खदाखदा हसला. आमचे हेसुद्धा कसंनुसं हसले आणि सायकल घेऊन पुढं गेले. मला मात्र असा संताप आला, की गाठोडं तिथंच आपटावं आणि म्हणावं, "तुमच्या घरात जागा असती तर कशाला गेलो असतो लोकाच्या पडवीत?" पण सून पडले. पदर पुढं ओढला आणि वाट धरली.

आम्ही जातीनं सनगर. मेंढीची लोकर कातायची, ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि घोंगडी विणायची. तिसगावात मामंजींचं, गहिनीनाथ सनगराचं, नाव होतं. त्यांची घोंगडी अंगावर घेऊन पावसात उभं राहा, आतला सदरा भिजायचा नाही. पण आमचा माग जमिनीत असतो. भुईत कमरेइतका खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. खड्ड्याशिवाय माग नाही आणि मागाशिवाय सनगर नाही. मामंजींचं घर दोन खणांचं. एका खणात माग आणि लोकर, दुसऱ्या खणात सासू-सासरे. दुसरी पोर झाली तेव्हा आम्ही रतनबाईच्या पडवीत राहायला गेलो. खड्डा राहिला सासऱ्यांच्या घरात. सकाळपासून दुपारपर्यंत मामंजी विणायचे, ते उठले की हे बसायचे. अर्ध्या दिवसाचा विणकर काय कमावणार?

मी रतनबाईला एकदा विचारलं होतं, "मावशी, पडवीच्या कोपऱ्यात एक खड्डा खणू का?" तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "अगं बाई! जित्या मानसाच्या घरात खड्डा? आमच्यात खड्डा मेल्यावर खनत्यात."

आणि संक्रांतीला वाण द्यायला गेले, तर रतनबाईनंच मला खाली बसवलं.

"छबू, वाईट वाटून घेऊ नगं. माझा ल्योक पलटनीतून सुटला. लढाई संपली, आता समद्यांना घरी धाडत्यात. त्याचं लगीन करायचंय. मिरगाच्या आत पडवी मोकळी कर."

तिचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी यांना सांगितलं. हे बराच वेळ सायकलच्या चाकाशी खुडबुड करत राहिले. मग म्हणाले, "येशीबाहेरची जागा घेऊन ठिवलीय तिथं बांधू."

"मिरगाच्या आत?"

"व्हय. न्हाईतर परत आबाच्या घरात घुसायचं. आन् मग जलमभर अर्धा दीस इनायचं."

झालं, ठरलं. पेठेत कुठं भाड्यानं जागा मिळाली असती, नाही असं नाही. पण भाड्याच्या भुईत खड्डा कोण खणू देणार? घर पाहिजे होतं ते डोक्यावरच्या धाब्यासाठी नव्हे, पायाखालच्या भुईसाठी.

मामंजींना सांगायला हे गेले. मीही गेले, दाराआड उभी राहिले. मामंजी धोटा थांबवून म्हणाले, "बांध की. कुनी धरलंय? तुझ्यापरास ल्हान हुतो मी, ह्ये दोन खन हुभे केले. एकट्यानं. ह्या दोन हातांनी. सालभर जोंधळ्याच्या कन्या खाल्ल्या, पायात वहान घातली न्हाई. तू आदुगर चहा सोड आन् ती लोखंडी गाढवीन इकून टाक."

लोखंडी गाढवीण म्हणजे सायकल.

"आबा, सायकल हाय म्हनून शेवगाव, मिरी, पाथर्डी करतोय," हे म्हणाले. "चालत गेलो तर बाजाराला एक दीस, माघारी यायला एक दीस. मग इनायचं कवा? आन् तवाचं लाकूड आन् आत्ताचं लाकूड..."

"लाकूड त्येच हाय," मामंजी म्हणाले. "मानूस पातळ झाला."

आतून सासूबाई, झुंबरबाई, काहीतरी बोलायला पुढं आल्या आणि मामंजींचा चेहरा बघून परत चुलीकडं वळल्या.

माघात पाया खणला. गनीभाई गवंडी आला. सहा फूट उंच, हातात ओळंबा, तोंडात सदा विडी. "भाभी, दगड तुमी आना, चिखल तुमी तुडवा, भिंत मी सरळ देतो," म्हणाला. मग आमचे दिवस कसे गेले म्हणता! पहाटे हे दगड आणायला, सकाळी मी चिखल तुडवायला. दुपारी हे मागावर, मी लोकर पिंजायला. संध्याकाळी परत चिखल. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. रात्री त्यात करडईचं तेल सोडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. चार हातांवर भिंत आली तेव्हा मी कंबर धरून खाली बसले आणि दोन्ही पोरींना म्हटलं, "बघा गं, आपलं घर." थोरली म्हणाली, "ह्याला वर कायच न्हाई." खरंच होतं तिचं.

मामंजी रोज एकदा यायचे. काम बघायचे. जाताना भिंतीला तळहात लावून ढकलून बघायचे. गनीभाई एकदा चिडला. "चाचा, मेरी भिंत हाय ती. तुमच्या ढकलन्यानं न्हाई पडायची." मामंजी म्हणाले, "ढकलत न्हाई बाबा. इचारतोय तिला, किती दीस ऱ्हानार म्हनून." पारावर जाऊन हे त्यांनी सगळ्यांना सांगितलंही. मी ऐकलं तेव्हा चिखलाच्या पाट्या दुप्पट वेगानं वाहिल्या. रागात काम बरं होतं.

चैत्रात भिंती झाल्या. गनीभाईला शेवगावला दुसरं काम लागलं, तो निघून गेला. आता वरचं लाकूड. चार तुळया आणि वर टाकायला फांद्या पाहिजे होत्या. वखारीत भाव विचारून हे आले आणि न जेवता निजले. लढाईनं लाकूड पार आभाळाला टेकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतः आमच्याकडं आले. खांद्यावर त्यांची जुनी कुऱ्हाड. ती त्यांनी यांच्या हातात दिली.

"ही घे," ते म्हणाले. "वखारीत कशाला जातोस शेटजी? वढ्याला जा. माझ्या घराच्या तुळया तिथल्याच बाभळीच्या हायती. एक रुपाया लागला न्हाई."

हे कुऱ्हाड घेऊन गेले आणि तासाभरात मोकळ्या हातानं परत आले. ओढ्यावरच्या बाभळी कुणा ठेकेदारानं कोळशासाठी लिलावात घेतल्या होत्या. त्याच्या राखणदारानं यांना अडवलं आणि कुऱ्हाड काढून घेतली. कुऱ्हाड गेली म्हटल्यावर मामंजींचं टाळकं फिरलं. "माझी कुऱ्हाड? माझ्या बापाची कुऱ्हाड?" असं म्हणत ते तसेच ओढ्याकडं गेले.

दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन गेले, तर ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. धोटा मांडीवर. कुऱ्हाड कोपऱ्यात होती, म्हणजे मिळाली होती. पण विणत नव्हते.

"मामंजी, भाकरी."

त्यांनी वर बघितलं. "चुन्यानं आकडे टाकल्यात गं," ते म्हणाले. "परत्येक झाडावर. यक, दोन, तीन... मोजल्यात समदी झाडं. त्या पोरानं मला इचारलं, म्हाताऱ्या, ह्यातलं तुजं कंचं? हात जोडले तवा कुऱ्हाड दिली त्यानं."

खरं सांगते, इतके दिवस वाटत होतं, या माणसाची एकदा तरी जिरावी. आणि जिरली तेव्हा मला काही बरं वाटलं नाही. मी भाकरीवरचं फडकं काढलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. त्यांनी एक घास मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

पण पारावर गेले की परत गहिनीनाथ सनगर तो गहिनीनाथ सनगरच! संध्याकाळी म्हणाले म्हणे, "आमच्या सहादेवाला साधं झाड तोडता येईना."

लाकूड मिळालं ते हाटेलात. म्हणजे हाटेलातल्या बोलण्यात. बाबाजान गाडीवान नगरला ज्वारी पोचवायला जायचा. त्यानं बाकड्यावर बसल्या बसल्या सांगितलं, की नगरला लष्कराच्या छावणीतली लाकडी खोपटी मोडताहेत आणि खांब लिलावात निघालेत. हे सायकल हाणत नगरला गेले. तीन वर्षं लांबचे बाजार करून जे साठलं होतं ते सगळं तिथं ओतलं आणि चार खांब घेतले. देवदाराचे, सरळसोट, माझ्या दोन्ही पंज्यांत मावत नव्हते. बाबाजाननं परतीच्या रिकाम्या गाडीत घालून ते तिसगावला आणले. भाडं विचारलं तर म्हणाला, "भाड्याची बात केली तर खांब वाटंतच उतरवीन." तुळया चढल्या, वर फांद्या आल्या, तरवडाचा पाला आला. एक खण म्हणता म्हणता दोन खणांचं घर उभं राहिलं. पण वरचं धाबं राहिलं आणि गाठीला दमडी राहिली नाही.

आमच्याकडं धाबं म्हणजे काय, तर पाल्यावर चिखल आणि चिखलावर वीतभर पांढरी माती. शेकड्यानं पाट्या. ते काम दोघा नवराबायकोचं नाही. अर्धं आज, अर्धं उद्या असंही चालत नाही, सांधा राहिला की तिथं गळतं. एका दिवसात उरकायला वीस-पंचवीस माणसं लागतात. मजूर बघावेत तर सगळे सडकेच्या कामावर रोख पैशाला गेलेले. वैशाख सरत आला होता. दुपारून पूर्वेला ढग जमायचे. रतनबाईनं पडवीच्या भिंतीला चुना लावून घेतला, मी आत असतानाच.

"इर्जिक घाल," मामंजी म्हणाले. "गाव बोलाव. जेवाया घाल. आमच्या येळंला तसंच हुतं."

"धान्य रेशनवर मिळतंय मामंजी," मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं तोंड उघडलं. "पंचवीस मानसांना काय घालू? माती?"

मामंजी माझ्याकडं बघतच राहिले. आमचे हे उठले. सायकलवर बसले आणि गेले ते नेहमीच्या जागी, चहाला. मला वाटलं, आता मात्र हद्द झाली. घर असं उघडं पडलंय आणि या माणसाला चहा सुचतोय! त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

पहाटे झुंजूमुंजू होतंय तोवर गाड्यांची घरघर ऐकू आली. बाहेर येऊन बघते, तर वेशीकडून तीन बैलगाड्या येताहेत, तिन्ही पांढऱ्या मातीनं भरलेल्या. पुढं बाबाजान. मागं खांद्यावर फावडी घेतलेली माणसं. मी मोजली. बावीस. सडकेच्या कामावरची पोरं होती, हाटेलवाला स्वतः होता, पोस्टाची पिशवी वाहणारा होता. काहींना मी ओळखतसुद्धा नव्हते.

"भाभी, घाबरू नका," बाबाजान हसत म्हणाला. "जेवान ज्याचं त्याच्या फडक्यात बांधून आनलंय."

मी यांच्याकडं बघितलं. हे पायानं भुई उकरत होते.

मग मला एकेक कळत गेलं. बाबाजानच्या घरात पोर अडलेली असताना भर उन्हात पाथर्डीहून सुईण सायकलवर बसवून यांनीच आणली होती. पोस्टवाल्याचा पाय मुरगळला तेव्हा पंधरा दिवस मिरीची पत्रं यांनीच पोचवली. सडकेवरच्या पोरांच्या गावी निरोप न्यायचे, सामान आणायचे. मला घरात एका अक्षरानं सांगितलं नव्हतं. मला राग आला आणि छातीही भरून आली, दोन्ही एकदम. रात्रीचा अबोला मी तिथंच सोडला.

काम सुरू झालं. चिखलाचा थर झाला. माणसांची रांग शिडीवर उभी, पाटी हातोहात वर जातेय. पांढऱ्या मातीची पहिली पाटी वर पोचली आणि तेवढ्यात खालून आरोळी आली.

"थांबा! हात लावू नगा!"

मामंजी पाराकडून पळत येत होते. एक वहाण वाटेत निसटलेली, धोतर गुडघ्यावर. ते थेट गाडीपाशी आले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. सगळे बघतच राहिले.

"थू!" मामंजी पचकन थुंकले. "अळनी! ही कुठनं आनली?"

"नाल्याच्या काठची हाय चाचा," बाबाजान म्हणाला. "पांढरीफेक हाय की."

"पांढरी हाय, खारी न्हाई! पानी थेट आत घेईल ही. पहिल्या पावसात समदं घर चाळनी! डोळ्यानं माती निवडताय व्हय? धाब्याची माती जिभंनं निवडत्यात."

बावीस माणसं खाली मान घालून उभी. मला रडूच कोसळलं. तीन गाड्या माती वाया, बैल दमलेले, सूर्य वर आलेला. मामंजींनी एकवार धाब्याकडं बघितलं, एकवार आमच्या यांच्याकडं. आता पारावर सांगायला केवढं मोठं घबाड मिळालं त्यांना, मला वाटलं. पण मामंजींनी दुसरीही वहाण काढून फेकली आणि बाबाजानच्या गाडीत उडी मारून बसले.

"ह्ये वतून टाका. चला गढीच्या टेकाडावर. हाकल रं!"

मी मागनं पळत गेले. टेकाडावर मामंजी गुडघे टेकून बसले. एका जागची माती चाखली, थुंकले. दुसऱ्या जागची चाखली, थुंकले. तिसऱ्या जागची चाखली आणि तोंड असं वाकडं केलं, जसं मीठ खाल्लंय. "हितं खना," म्हणाले.

दुपारपर्यंत गाड्यांच्या सहा खेपा झाल्या. मामंजी धाब्यावर चढले ते उतरेनात. "हिकडं ढाळ द्या! पन्हाळीकडं! आरं, पाय असा न्हाई, टाच मार, टाच!" स्वतः तुडवत होते, दुसऱ्याला तुडवायला लावत होते, चोपण्यानं धपाधप माती बडवत होते. घामानं मिशांतून पांढरं पाणी ओघळत होतं. गडी उठले की मामंजी ओरडायचे, बसले की ओरडायचे. आणि मग, सवयच ती, वरून म्हणाले, "तुमी पंचवीस जन घामाघूम झालाय. मी ह्येच काम एकट्यानं केलंय!"

खाली सासूबाई माझ्या बरोबरीनं पाट्या भरत होत्या. त्यांनी फावडं खाली टाकलं. कंबरेवर हात ठेवले.

"एकट्यानं?" त्या म्हणाल्या. आवाज काय लागला होता त्यांचा! "अवं, माझ्या म्हायेराहून सतरा मानसं आलती. तिसगावची तीस हुती. तुळया माझ्या बापानं तोडून दिल्या. ह्यो सहादेव माझ्या पोटात आठ महिन्यांचा, आन् मी तीन दीस चुलीम्होरं भाकरी थापत हुते. तुमी काय करत हुता? वर हुभं ऱ्हाऊन आरडत हुता, आत्ता आरडताय तसंच!"

बाबाजाननं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मग हाटेलवाल्याला हसू आवरेना आणि सगळं धाबं हसायला लागलं. पारावरचे दोघं-तिघं म्हातारे गंमत बघायला आले होते, तेही हसले. तीस वर्षं गिळलेलं बोलणं सासूबाईंनी एका दमात बाहेर काढलं होतं. त्या परत फावडं उचलून पाटी भरायला लागल्या.

मामंजी चोपण्यावर हात टेकवून उभे होते. कानशिलं लाल झालेली. मला वाटलं, आता उतरून निघून जातील आणि परत कधी या वाटेला येणार नाहीत.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"काय सत्तेचाळीस?" सासूबाईंनी विचारलं.

"मानसं. सतरा आन् तीस." त्यांनी मिशीवरचा चिखल पुसला. "इसरलो हुतो मी. खरंच इसरलो हुतो गं. घर उभं ऱ्हातं समोर, मानसं घरी जात्यात." मग वळून शेजारच्या पोराला विचारलं, "तू कुणाचा रं? सनगराचा तर न्हाईस."

"मी सडकेवर हाय. मानूरचा," पोरगा म्हणाला.

"मग सहादेवाची वळख कशी?"

"हाटेलात."

मामंजींनी पुढच्याला विचारलं, "तू?"

"हाटेलात."

"आन् तू?"

"मी हाटेलवालाच हाय चाचा."

मामंजींनी धाब्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. खाली लेक मातीची पाटी घेऊन शिडीवर चढत होता. मामंजी शिडीच्या तोंडाशी आले, दोन्ही हात खाली केले आणि त्याच्या हातातली पाटी स्वतः वर घेतली. पाटी ओतली आणि पुढच्या पाटीसाठी परत हात केले. संध्याकाळपर्यंत लेकाची प्रत्येक पाटी त्यांनीच घेतली.

दिवेलागणीला धाबं पुरं झालं. माणसं ओढ्यावर हातपाय धुवायला गेली. मी उंबऱ्याच्या दगडावर बसले होते, अंगातला कण न् कण दुखत होता आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

चार दिवस ऊन खाऊन धाबं वाळलं. पाचव्या दिवशी सकाळी मामंजी दोन घागरी पाणी घेऊन आले. मागं अख्खा पार.

"पावसाची वाट कोन बघतंय?" ते म्हणाले. "आत्ताच बघू. समदे आत जाऊन हुभे ऱ्हावा. डोकी उघडी ठिवा."

आम्ही आत गेलो. पार आत आला, बाबाजान आत आला, रतनबाईसुद्धा आली, सोबत तिचा पलटणीतला लेक. सगळ्यांनी पागोटी काढून बगलेत धरली आणि माना वर केल्या. वरती मामंजींनी पहिली घागर ओतली. पाणी पसरल्याचा आवाज आला. आमचे हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी चक्क माझं मनगट धरलं, भर माणसांत! दुसरी घागर ओतली. पन्हाळीतून पाणी बाहेर धो धो पडलं. आत एक थेंब नाही. पाल्याचं पानसुद्धा ओलं झालं नाही.

"गळलं का?" वरून मामंजींनी विचारलं.

"न्हाई!" सगळे ओरडले.

"नीट बघा! गळलं का?"

"न्हाई! न्हाई!" पोरी टाळ्या पिटत नाचायला लागल्या.

मामंजी खाली उतरले. पारावरच्या म्हाताऱ्यांपुढं उभे राहिले, त्याच माणसांपुढं ज्यांना त्यांनी महिनोन्महिने हसवलं होतं. "आयका," ते म्हणाले. "माझ्या येळंला दगड फुकट हुता, झाड फुकट हुतं, सासरा जिता हुता. ह्याला कायच फुकट न्हवतं. तरी ह्यानं बांधलं. माझ्यापरास भारी बांधलं." एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं आणि कुदळ मागितली.

खड्डा मामंजींनीच आखला. यांना भुईवर बसवून त्यांच्या पायांचं माप घेतलं. सनगराचा खड्डा ज्याचा त्याच्या पायांच्या मापाचा असतो, आणि आमचे हे इतकी वर्षं बापाच्या मापाच्या खड्ड्यात गुडघे दुमडून विणत होते. पहिला घाव मामंजींनी घातला, दुसरा यांनी. दुपारपर्यंत बापलेक आळीपाळीनं खणत राहिले. खड्डा झाल्यावर हे त्यात पाय सोडून बसले. पाय सरळ खाली गेले, पाठ ताठ झाली. "आबा," हे म्हणाले, "पाय टेकले." मामंजींनी नुसती मान डोलवली.

मिरगाच्या आदल्या दिवशी रतनबाईची पडवी झाडून, सारवून तिच्या हवाली केली. संसार तो केवढा, बाबाजानच्या एका खेपेत आला. त्याच सकाळी सुतारानं दोन घोंगड्यांच्या बदल्यात दार बसवलं होतं. बाभळीचं, जाडजूड, आतून कडी. माणसं अंगणात होती. मामंजी कुणाला तरी धाब्याचा ढाळ समजावून सांगत होते. हे ताण्याच्या दोऱ्या सोडवत होते. मी पाण्याचा हंडा आत ठेवायला म्हणून गेले आणि मनात काय आलं कोण जाणे, दार लोटून घेतलं आणि कडी घातली.

माझं वय तेव्हा सव्वीस. माहेरी दार बापाचं होतं, सासरी सासूचं, पडवीत रतनबाईचं. कधी लावायचं आणि कधी उघडायचं ते दुसऱ्यानं ठरवलेलं. मी अंधारात उभी राहिले. ओल्या मातीचा आणि देवदाराचा वास येत होता. पावलांखाली भुई गार होती. मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेले, परत आले. कोपऱ्यात बसून बघितलं. दुसऱ्या कोपऱ्यात बसून बघितलं. आणि मग मला हसूच फुटलं. एकटीच मोठ्यानं हसत सुटले.

बाहेरून दारावर थाप पडली. सासूबाई होत्या.

"छबे, अगं दार का लावलं? मानसं खोळंबल्यात जेवायची. उघड की!"

"उघडते आत्याबाई," मी म्हटलं. "जरा थांबा."

आणि पदरानं डोळे पुसून, पायांवरची माती झटकून, सावकाश जाऊन मी माझ्या घराचं दार उघडलं.